पाठीतला बाक

आमच्या घरात पोक काढून बसायला बंदी आहे. नातवंडं अभ्यासाला बसली आणि कुणाचा खांदा जरा खाली आला, की मी स्वयंपाकघरातून ओरडते. मुलांना वाटतं, आजी सरकारी दवाखान्यात नर्स होती, तिला हाडांची काळजी. सुनेला वाटतं, म्हातारपणी माणसाला एखादं खूळ लागतंच. मी कुणाचाच गैरसमज दूर करत नाही. बिसेन मास्तरांची हकिगत सांगायला वेळ लागतो, आणि ऐकून झाल्यावर माणसं एक तर हसतात, नाहीतर उगाच सावरून बसतात.

मी बेलटोल्याला नर्स म्हणून गेले तेव्हा जिल्हा भंडारा होता आणि राज्य मध्य प्रदेश. मी तिथं असतानाच राज्य बदललं. गावात फरक एवढाच पडला की दवाखान्याच्या पाटीवर रंगाचा नवा हात फिरला. बेलटोला तिरोड्याहून आत, बोदलकशाच्या तलावाच्या वाटेवर. चहूकडे धानाच्या बांध्या, मधे मधे मोहाची झाडं, आणि गावाला लागून गावचं स्वतःचं लहान तळं, त्याला तिथं बोडी म्हणतात. मी अमरावतीकडची. कापसाच्या मुलखातून आलेल्या माणसाला इतकं पाणी नुसतं उभं राहिलेलं पाहून सुरुवातीला करमत नाही. हलत नसलेल्या पाण्याकडे पाहिलं की आपणच काहीतरी विसरलोय असं वाटत राहतं.

मास्तर पहिल्यांदा दिसले ते दवाखान्याच्या ओसरीवरून. वैशाखातली दुपार होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि हा माणूस मिटलेली छत्री हातात धरून उन्हातून चालला होता. छत्री उघडत नव्हता. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली, मान पुढे आणि जरा कलती. बाजूनं एखादं लहान मूल चालत असावं आणि ते काहीतरी सांगत असावं, असं ते चालणं. बाजूला कुणी नव्हतं.

नर्सच्या डोळ्याला असा खांदा दिसला की गप्प बसवत नाही. मी त्यांना सावलीला बोलावलं, पाणी दिलं आणि विचारलं, "पाठ कधीपासून दुखते?"

"दुखत नाही," ते म्हणाले. "आणि माझा नाही तो."

"काय तुमचं नाही?"

"बाक."

पाणी पिऊन, "अहो, बरं आहे पाणी," असं तांब्याला म्हणून ते निघून गेले. तांब्यालाच म्हणाले. मास्तर सगळ्यांना अहो म्हणत. बैलांना, कोंबड्यांना, शाळेतल्या सगळ्यात व्रात्य पोराला, धाकट्या विधवा बहिणीला सुद्धा. 'अहो फुला' अशी हाक मी आयुष्यात त्यांच्याच तोंडून ऐकली.

त्यांच्या आणखी लकबी सांगते म्हणजे माणूस डोळ्यांपुढे येईल. उत्तर देण्याआधी डावा डोळा मिटायचा. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांवर घासायचं, खडूची भुकटी झाडतात तसं. तिरोड्याची शाळा सोडून त्यांना वर्षं झाली होती, बोटांना भुकटी कुठली? पेरू खाताना आधी मीठ खायचं, मग पेरू. कुणी घाईनं प्रश्न विचारला तर म्हणायचे, "थांबा. प्रश्न अजून उभा आहे, त्याला बसू द्या." आणि खरोखरच शेजारची जागा हातानं साफ करायचे.

दर रविवारी दुपारी बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाखाली त्यांची बैठक भरे. झाडाखाली एक चपटा काळा दगड होता, त्यावर मास्तर. समोर जमिनीवर गावातले आठ-दहा लोक. धानाची शेती करणारे दोघं-चौघं, मासे धरणारे ढिवर, गोंदियाहून दर सुट्टीला येणारा राईस मिलचा एक मुनीम. मी करमत नव्हतं म्हणून गेले आणि सगळ्यात मागे बसले. तिथं चालायचं ते ग्रीक तत्त्वज्ञांचं. हसू नका. मास्तर जबलपूरच्या कॉलेजात शिकलेले. तिथल्या त्यांच्या सरांनी त्यांना हे वेड लावलं होतं. आणि सांगायचे असं की प्लेटो जणू शेजारच्या टोल्यावरचा. प्लेटोनंतर त्याची शाळा भाच्याकडे गेली, भाच्याचे पाय गेले तेव्हा त्याला गाड्यावर घालून बागेत आणत, मग त्यानं झेनोक्रेटिसला निरोप धाडला की बाबा, ये आणि सांभाळ. कोण कुणाच्या मागे गादीवर बसलं, हीच मास्तरांची खरी आवड. त्यांची मतं काय होती ते मागाहून, आधी पाळी कुणाची ते.

"प्लेटोला जरा पोक होतं," ते एकदा म्हणाले. "शिष्य त्याचं ऐकता ऐकता तसेच वाकले. लोक चेष्टा करत. पण चेष्टेचं काय आहे त्यात? मत घ्यायचं आणि पाठ घ्यायची नाही, असं कसं जमेल?"

बैठकीची सुरुवात नावांनी होई. प्लेटो, स्प्यूसिपस, झेनोक्रेटिस, पोलेमो, आणि पुढची बरीच. ढिवर डोक्याचं फडकं काढून ऐकत. शेवटच्या नावापाशी मास्तर थांबत. तिथं बादशहाच्या हुकुमानं ती शाळा बंद पडली होती, आणि शेवटचा आचार्य थोडे सोबती घेऊन इराणकडे निघून गेला होता.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग कुठं गेले ते पुस्तकात नाही." डावा डोळा मिटला. "पुस्तकात नाही म्हणजे गेले नाहीत असं नाही."

म्हणून त्या नावानंतर ते गप्प राहत. चांगला वेळ. ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी ती जागा. सगळे तसेच बसून राहत, आणि मी, देवाधर्माला सुद्धा फारसं न मानणारी बाई, त्या गप्प वेळात श्वास हळू घ्यायला लागायची. बोडीवरचे बगळे हलत नसत. कुणीतरी एकामागून एक पाळीवरून चालत जातंय आणि आपण वाट दिली पाहिजे, असं वाटे. मग मास्तर जबलपूरच्या सरांचं नाव घेत, आणि शेवटी म्हणत, "आणि आत्ता मी." मग सगळे खोकत, तंबाखू काढत, आणि बैठक सुरू होई.

फुलाबाईंना ही बैठक मुळीच आवडत नसे. मास्तरांची ही धाकटी बहीण लग्नानंतर लवकरच विधवा होऊन भावाकडे आली होती. फटकळ बाई. पण मला जेवायला बोलवायची आणि ताटात इतका भात वाढायची की उठताना भिंत धरावी लागे. एकदा तिनं मला सगळं सांगितलं.

"दादा असा नोता, बाई. बांबूवानी सीधा होता. कुस्ती खेले. जबलपूरले सिकाले गेला अन् सुट्टीत आला, तं मी टेसनावर गेली होती घ्याले, बाबासंगं. लहान होती मी. मले वाटलं कोनी म्हातारा उतरून राहिला. बाबा म्हने, अवं पाय ना, दादा होय. मी रडाले लागली."

"आजारी होते का?"

"नाई. तो सर मेला होता जबलपूरचा. तवापासून हे असं. ते बोटं घासनं, तो डोरा मिटनं, सारं तवाचं. पहिले मले फुले म्हने. आता अहो म्हनून राहिला, जसी मी पाव्हनी." पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "माहा भाऊ मले वापस पायजे, बाई. चाळीस साल मी दुसऱ्याचा भाऊ पोसून राहिली."

मी नर्स आहे. असल्या गोष्टी ऐकताना मी मनात रोगाचं नाव शोधते. मला नाव सापडलं नाही.

त्या वर्षीच्या पितृपक्षातली दुपार मी विसरणार नाही. फुलाबाईनं अंगणात पळसाच्या पानांचे द्रोण मांडले होते. आई, वडील, आजा, आजी, नवरा. त्यांच्यापुढे आणखी एक लांब रांग. मी विचारलं, "हे कुणाचे?"

"त्यायचे. पलेटो अन् बाकीच्यायचे. दर इतवारी नाव घेऊन बोलावते दादा, अन् उपासी ठेवते. घरात नाव घेतलेला मानूस उपासी नोको राहाले."

मला हसू आलं. ग्रीसच्या आचार्यांना बेलटोल्याच्या तांदळाचा भात, वर उडदाचे वडे. मास्तरही ओसरीवरून पाहत होते आणि तेही हसले. तेवढ्यात कावळे आले. आईवडिलांचे द्रोण उलटे केले, आज्याचा वडा पळवला, नवऱ्याच्या द्रोणावर दोघं भांडले. मग एक मोठा कावळा त्या लांब रांगेकडे गेला. एकेका द्रोणापाशी थांबे, मान वाकडी करून पाही, आणि पुढे जाई. एकालाही चोच लावली नाही. शेवटचा द्रोण जबलपूरच्या सरांचा. त्याच्यापाशी तो जरा जास्त वेळ उभा राहिला आणि उडून गेला. आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो. भाताला मुंग्याही लागल्या नाहीत.

फुलाबाई भावाकडे वळली. "एकबी गेला नाई, दादा. सारे इतंच हायेत."

मास्तरांचं हसू मावळलं होतं. बोटं चालू होती. "अहो फुला," ते हळूच म्हणाले, "त्यांना खायची सवय नाही. ऐकून घ्यायची आहे."

त्या दिवसापासून फुलाबाई भावाच्या पाठीवरचं ओझं घेणारा माणूस शोधायला लागली. मास्तरही शोधत होते, पण दोघांची कारणं वेगळी. मास्तरांना आपल्या मागे दगड रिकामा राहील याची धास्ती होती. हुकमानं शाळा बंद पडत नाही, ते म्हणत, मागे बसणारा उरला नाही की पडते. सगळ्यांना वाटे, तो शिकलेला मुनीमच पुढे बसणार. मुनीमालाही वाटे. तो पोक काढायचा सराव सुद्धा करी, आणि ते इतकं वाईट दिसे की मी त्याला कंबरेला लावायचं तेल दिलं.

मग मोतीराम आला.

मोतीराम ढिवरांपैकीच, पण मासे कमी धरी आणि दंडारीत राजाचं सोंग जास्त घेई. झाडीतल्या गावांत रात्रभर दंडारीचे खेळ चालतात, आणि हा खेळ संपल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोहाची पीत राही. वर नकला. पाटलाची, तलाठ्याची, आणि सुई टोचताना मी जीभ बाहेर काढते तिची. त्या नकलेला मी स्वतः पोट धरून हसले आहे.

त्या रविवारी मास्तर 'पुरे' या गोष्टीवर बोलत होते. माणसाला पुरे कधी वाटतं, भूक कुठं थांबते, असं. तेवढ्यात पाळीवरून आरडाओरडा करत मोतीराम आला. तोंडाला रंग, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, गळ्यात झेंडूच्या माळा, पाय जमिनीला लागत नव्हते. सोबतचे दोघं पाळीच्या कडेलाच थांबले. हा थेट माणसांतून वाट काढत पुढे आला आणि दगडासमोर उभा राहिला.

"काऊन आला गा तू इतं?" मुनीम ओरडला.

मास्तरांनी बोलणं थांबवलं नाही. आवाजही चढवला नाही. जे वाक्य चालू होतं ते पुरं केलं आणि पुढचं सुरू केलं. मोतीराम डुलत ऐकत राहिला. मग खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं मुकुट काढून मांडीवर ठेवला. मग एक माळ काढली. मग दुसरी. शेवटी हातानं तोंडावरचा रंग पुसायला लागला, आणि कुणी हसलं नाही. कारण ती गोष्ट आम्ही सगळ्यांनी ऐकलेली होती. ग्रीसमध्ये पोलेमो असाच शिरला होता, दारू पिऊन, फुलं घालून, झेनोक्रेटिसचं बोलणं चालू असताना. आणि पुढे त्याच जागेवर बसला होता.

मोतीरामानं ती ऐकलेली नव्हती. मी त्याला नंतर खोदखोदून विचारलं. "मी कायले येतो बाई तितं," तो म्हणाला. "मी घरीच चाललो होतो. पायच तिकडं गेले."

दारू सुटली. त्याची बायको सुंदरा मला साखर द्यायला दवाखान्यात आली. पुढच्या रविवारी मोतीराम पहिल्या ओळीत होता, आणि मग दर रविवारी. फुलाबाई त्याला घरी बोलावून खाऊ घालू लागली. भात, कढी, वर तुपाची धार. तो जेवताना ती त्याच्या खांद्याकडे पाहत बसे. "ने बापा," असं ती पुटपुटल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. "ने."

गाव वाट पाहत होतं की मोतीराम मास्तरांची नक्कल कधी करतो. त्यानं ती कधीच केली नाही. हळूहळू पाटलाची आणि माझीही बंद झाली.

एका दुपारी मी ओसरीवर पट्ट्या वाळत घालत होते. रस्त्यानं मास्तर चालले होते, तोच खांदा, तीच कलती मान. मी हाक मारली, "मास्तर, ऊन आहे, पाणी घ्या." ते वळले, आणि तो मोतीराम होता. अंगावर मासेमाऱ्याचं पटकूर. हात रिकामा, पण मूठ वळलेली, छत्री धरल्यासारखी. माझ्या हातून पट्ट्यांची परात पडली.

मी त्याला आत नेलं, पालथं झोपवलं, मणका मणका चाचपला. तरणाताठा मासेमारी करणारा गडी, कुठं गाठ नाही, सूज नाही.

"दुखते का रे?"

"दुखत नाई, बाई." डावा डोळा मिटला. "माहा नोहे तो बाक."

मी मास्तरांकडे गेले. तावातावानं गेले. ते अंगणात पेरू खात होते. मी म्हटलं, त्या पोराला बायको आहे, त्याचं हसणं-खेळणं गेलं, तुम्ही त्याला विचारलंत तरी का?

"मला कुणी विचारलं नव्हतं," मास्तर म्हणाले. त्यांनी हातातला पेरू खाली ठेवला. मग जे बोलले ते मला कधीच विसरता आलं नाही. "नर्सबाई, मला दगड रिकामा राहायला नको आहे. त्यासाठी मी काहीही करीन. पण मला भीती वाटते. मी एकोणिसाव्या वर्षी वाकलो. त्यानंतर मी म्हणून जे काही आहे ते सगळं या बाकासकट आहे. तो गेला की खाली कोण उरतं, हे मला माहीत नाही. कुणी उरत असेल का हो?"

मी म्हटलं, "फुलाबाईंचा भाऊ उरेल."

"ती तसं म्हणते," ते म्हणाले. "तिला तो आठवतो. मला नाही आठवत."

त्या हिवाळ्यात मास्तरांना ताप आला. साधाच ताप, पण उतरेना. मी रोज जात होते. सातव्या-आठव्या दिवशी घाम येऊन उतरला, आणि मी उशी सारखी करायला गेले तेव्हा ते माझ्याआधीच उठून बसले. सरळ. भिंतीला न टेकता. दोन्ही खांदे एका रेषेत. मी उशी धरून तशीच उभी राहिले. भावकीतल्या एका पुतण्यानं हट्टानं गोंदियाहून डॉक्टर आणले. डॉक्टरांनी पाठीवरून बोटं फिरवली आणि मला म्हणाले, "पीठ तो एकदम सीधी है, सिस्टर. किसने कहा टेढ़ी थी?"

फुलाबाई दारात उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि म्हणाले, "फुले, तुये केस कवा पिकले वं?"

ती लहान मुलीसारखी रडली. मलाही रडू आलं. ते आनंदाचं होतं की कशाचं, ते मला तेव्हाही कळलं नाही. त्यांनी खायला मागितलं. पेरू दिला तर मीठ न घेता खाल्ला. मग कुठल्याशा बैलाची चौकशी केली. फुलाबाईनं मला नंतर सांगितलं की तो बैल ती लहान असताना मेला होता.

पुढच्या रविवारी बैठक भरली. दगडावर मोतीराम होता. कुणी त्याला बस म्हटलं नव्हतं, आणि कुणी ऊठही म्हटलं नाही, मुनीम सुद्धा. त्याला अक्षरओळख नव्हती, पण नावं एकाही ठिकाणी न अडता आली, शुद्ध, मास्तरांच्या आवाजातल्यासारखी. दुपारचं लख्ख ऊन होतं. तेवढ्यात पाळीवरून मास्तर आले, फुलाबाईचा हात धरून, ताठ चालत, इकडंतिकडं पाहत. तिला वाटलं असावं, एकदा दाखवावं. माझ्या शेजारी येऊन ते मागे बसले.

मोतीराम शेवटच्या ग्रीक नावाशी आला आणि थांबला. नेहमीची ती गप्प जागा. ती नेहमीपेक्षा लांबली. पाळीवरून कुणीतरी जातंय हे मला त्या दिवशी नुसतं वाटलं नाही; मी पाय आखडून घेतले. समोरच्या ढिवरानंही घेतले. मग मोतीरामानं जबलपूरच्या सरांचं नाव घेतलं. मग म्हणाला, "दुलीचंद बिसेन." मग, "आणि आत्ता मी."

गेलेल्यांच्या रांगेत आपलं नाव ऐकून मास्तर दचकतील असं मला वाटलं होतं. ते माझ्याकडे कलले आणि हळूच विचारलं, "हा कोन बिसेन? आमच्या भावकीतला होय का?"

दोन्ही डोळे उघडे होते. बोटं मांडीवर स्वस्थ पडली होती.

पुढच्या पितृपक्षात मी मुद्दाम फुलाबाईकडे गेले. अंगणात फक्त घरच्यांचे द्रोण. लांब रांग नव्हती. मास्तर पलीकडे लाकडं फोडत होते आणि शीळ घालत होते. फुलाबाई सुखात होती, ते मला नाकारता येणार नाही. चार वर्षं मी तिला ओळखत होते, पण तिचे सगळे दात मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिले. तेवढ्यात सुंदरा आली. वाळली होती. तिनं उंबऱ्यापाशी बसून विचारलं, "माय, त्यायचा भात आता माह्या घरी मांडाव लागल काय?"

"मांड पोरी. खानार नाईत ते. पन मांड."

"तो मले अहो म्हनते, माय. हासत नाई. पिऊन येऊन मारे, तवा बी माहा होता." मग लाकडं फोडणाऱ्या मास्तरांकडे पाहत, "तुमचा कसा वापस आला?"

फुलाबाईनं वर पाहिलं नाही. द्रोणात भात घालत म्हणाली, "दुसरा मानूस पाहून घे."

सुंदरानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, अगदी मायेनं. "नर्सबाई," ती म्हणाली, "तुमी तं सिकल्या-सवरल्या. दर इतवारी येता अन् मांगं बसता. समोर बसत जा ना."

मी हसले. त्या अंगणात दुसरं कुणी हसलं नाही. फुलाबाई माझ्या ताटात आणखी भात वाढायला उठली.

मी बदलीचा अर्ज केला. कारण म्हणून हवापाणी मानवत नाही असं लिहिलं, आणि बदली होईपर्यंत एकाही रविवारी बोडीकडे फिरकले नाही. घाबरले होते, दुसरं काय. रात्री निजताना भिंतीला पाठ लावून दोन्ही खांदे टेकतात का ते पाहायची. अजून पाहते.

निघाले त्या दिवशी बैलगाडी पाळीच्या खालून तिरोड्याच्या वाटेला लागली. दुपारची वेळ, आणि नेमका रविवार. वर मोहाखाली माणसं बसलेली दिसत होती, आणि दगडावर तो कलता खांदा. पहिल्या ओळीत एक नवा पोरगा होता. सुंदरा पाळीच्या टोकाला उभी राहून त्या पोराच्या पाठीकडे पाहत होती.

समोरून मास्तर येत होते. डोक्यावर काटक्यांची मोळी, तीही हातानं न धरता, इतकी मान ताठ. गाडीवानानं बैल थांबवले. मास्तरांनी माझी ट्रंक पाहिली, वळकटी पाहिली, आणि परक्या पाहुण्याशी बोलावं तसं अदबीनं विचारलं, "कोन्या गावच्या हो तुमी, बाई?"

"अमरावतीकडची."

"दूर होय. आमच्या इतं काय पाहाले आल्या होत्या?"

मी म्हटलं, "तुम्हाला."

त्यांना ते फार गमतीचं वाटलं. मोळी हलेपर्यंत हसले. मग पाळीवरच्या लोकांकडे बोट दाखवून म्हणाले, "माह्यात काय हाये पाहाले? ते पाहा तिकडं. दर इतवारी बसून राहतेत उन्हात. कायले बसतेत, देव जाने. मले तं कोनी सांगतच नाई."

आणि मोळी सावरत, शीळ घालत, ते घराकडे चालू लागले. गाडी वळेपर्यंत मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते. त्या पाठीत काहीच नव्हतं.